डावं कुणाचं

"तुझं डावं नको सांगूस. माझं डावं सांग."

ती विमानासमोर उभी राहिली की नवरा दर वेळी हेच बजावायचा. आत्ता शेडमध्ये तो आवाज पुन्हा कानात आला आणि तपास अधिकाऱ्याने काय विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, विमान त्यांनी एकट्यानेच बांधलं?"

"लाकूडकाम त्यांचं. पंखांवरचं कापड मी शिवलं. पलंग करणारा सुतार विमान करतोय म्हणून लोक हसायचे. हे म्हणायचे, पलंग मोडला तरी माणूस जमिनीवरच येतो, विमान मोडलं तरी जमिनीवरच."

अधिकारी हसला नाही. फरशीवर मांडलेल्या मोडतोडीतून त्याने दोन तारा अलगद उचलल्या.

"पंखांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात, तुम्हाला माहीतच आहे. दांडा डावीकडे कलवला की डावी पट्टी वर जायला हवी. इथे उजवी जात होती. तारांची अदलाबदल झाली होती. वाऱ्याने विमान डावीकडे कललं, सावरायला त्यांनी दांडा उजवीकडे ओढला, आणि ते आणखीच डावीकडे गेलं."

तिने डोळे मिटले. तारा नवऱ्याने उडण्याच्या आदल्याच संध्याकाळी बदलल्या होत्या. झालं एकदाचं, म्हणून हात पुसत, शीळ घालत घरात आला होता.

"अशी चूक कुणाकडूनही होते," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तर उडण्याआधी तपासतात. पंख छतावर, आत बसलेल्याला पट्ट्या दिसत नाहीत. समोर उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. त्या दिवशी समोर कोण होतं, ताई?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूचा आवाज आला. "अगं, साहेबांना चहा हवाय का विचार! का मीच सगळं बघायचं?"

"नको, आजी!" अधिकाऱ्याने ओरडून सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "यांच्याशीही बोलावं लागेल मला."

"त्यांना नका विचारू." ती घाईने म्हणाली. "मी होते समोर. ह्यांची डावी बाजू सांगायची, तर मी माझी सांगितली. समोरासमोर उभं राहिलं की उलटं होतं ना सगळं."

अधिकाऱ्याने हातातल्या तारांची टोकं जुळवून पाहिली.

"हे अहवालात येईल. लोक वाचतील."

"वाचू देत. घरात वाचणारी मी एकटीच आहे."

"ते काही बोलले होते का? शेवटी?"

"दवाखान्यात नेताना, गाडीत." कामाची टोपीसुद्धा डोक्यावरून काढायची राहिली होती तिची. नवऱ्याने ती टोपी बघितली होती आणि हसायचा प्रयत्न केला होता. "आईला जप म्हणाले. मी हो म्हटलं."

अधिकाऱ्याने तारा होत्या तशा खाली ठेवल्या.

"संध्याकाळपर्यंत ऑफिसात येऊन जबानीवर सही करा. मग आजींना त्रास द्यायची गरज पडणार नाही."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. सासू कपबशा विसळत होती.

"काय निघालं?"

"तार उलटी बसली होती, आई. माझ्या हातून."

बशी ओट्यावर आदळली. फुटली नाही.

"तुझ्या हातून! तरी मी त्याला सांगत होते, हिच्या हातात पक्कड देऊ नकोस. आमटीत दोनदा मीठ घालणारी बाई ही! पण माझं ऐकतोय कोण? बायको म्हणजे इंजिनियर!" बोलता बोलता म्हातारीचा आवाज चिरकला. "खाल्लंस गं माझं पोर."

दाराशी जाऊन तिने चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"ऑफिसात. सही करायची आहे."

"जा. आणि खरं तेच सांग त्यांना." सासूने पदराने नाक पुसलं. तिचा राग ओसरत चालला होता आणि त्याच्या जागी दुसरंच काही येत होतं. "तू पहाटेच बेकरीत कामाला गेलेलीस. तू यायच्या आत उडून दाखवतो म्हणाला आणि मला हाताला धरून समोर नेऊन उभं केलं. 'आई, डावी वर गेली का?' मी नीट निरखून पाहिलं. म्हटलं, गेली रे राजा. एवढं एकच काम सांगितलं त्याने मला, ते तरी मी चोख केलं."

"हो, आई," ती म्हणाली, आणि सही करायला निघाली.