बिनबिडीचं हॉटेल

बाजाराचा दिवस. पहूरच्या स्टँडसमोर पाय ठेवायला जागा नव्हती आणि कौतिकभाऊंच्या हॉटेलात माश्या भजी खात होत्या.

कारण दारावरची पाटी. मागच्या महिन्यात दंड झाला, तेव्हा सून ज्योत्स्नानं 'बिडी-सिगारेट बंद' असं लाल रंगात रंगवून ती ठोकली. भाऊंचं गणित साधं होतं: बिडीमागे चहा, चहामागे भजी. बिडी गेली आणि पितांबरसकट सगळी जुनी मंडळी समोरच्या लिंबाखाली, चहाच्या गाडीवर जाऊन बसली. भाऊंना दंडाची नव्हे, हॉटेल बुडायची धास्ती होती. आज बाजारालाही गिऱ्हाईक आलं नाही तर पाटी काढणार, असं त्यांनी सुनेला बजावलं होतं. ती म्हणाली, काढा, पण पुढचा दंडही तुम्हीच निस्तरा.

दुपारी भाऊ खरंच स्टुलावर चढले. खिळ्याला पक्कड लावली, तोच खालून कोणीतरी म्हणालं, वाटेतून जरा सरका.

बघतात तर बाया. बाजाराची रीत अशी, की गड्यांनी हॉटेलात बसून धूर काढायचा आणि बायकांनी स्टँडवर उन्हात त्यांची वाट बघायची. आज आत ना धूर होता ना गडी, आणि पंखे मोकळे फिरत होते. आधी दोघी आल्या, मग चौघी, मग जामनेरच्या एसटीतून उतरलेल्या लेकुरवाळ्या. ज्योत्स्नानं शेवभाजीचं दुसरं पातेलं चढवलं. भाऊ स्टुलावरच उभे.

एवढ्यात पेटती बिडी घेऊन पितांबर पायरीशी आला.

"काढ कौतिक लवकर. बठ्ठे गडी वापस येतीन."

भाऊंनी आत नजर टाकली. एक बाई ताट हातात धरून उभीच होती. भाऊ खाली उतरले आणि स्टूल नेऊन तिला बसायला दिलं. पाटी होती तिथंच राहिली.

पितांबरनं चिडून आत डोकावलं, तर पंख्याखाली त्याचीच बायको, भिकुबाई. चल, निघायचं, असं त्यानं दारातूनच फर्मावलं.

भिकुबाईनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला.

"तुम्ही तठी स्टँडवर थांबा," ती म्हणाली. "मी येते चहा पिऊन."