बारा नंबरची सोमी

मुलीचा डावा हात टेबलावर आला आणि डॉक्टर जयश्रींनी बोटं मोजली. सहा. करंगळीला चिकटलेलं हे इवलंसं बोट त्यांनी पाच वर्षांपूर्वी, २०१४ साली, तलासरीच्या दवाखान्यात पाहिलं होतं.

पण ती मुलगी तर मेली होती. तसं खुद्द जयश्रींनीच छापलं होतं.

गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं येणाऱ्या तापावरचा तो शोधनिबंध. बारा मुलं, एक स्वस्तातली गोळी. अकरा बरी झाली, एक दगावली. ती बारावी म्हणजे सोमी. उपचार चालू असतानाच आईबापांनी तिला गुपचूप घरी नेलं. पंधरा दिवसांनी जयश्री पाड्यावर गेल्या. "सोमी कुठाय?" विचारलं, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. आईनं तोंडाला पदर लावला. आता आणखी काय विचारायचं? बाई आल्या पावली परतल्या. पुढं निबंधाचं चिक्कार कौतुक झालं, पण त्यांना काही ते गोड लागेना. सोमी घशात अडकलेली.

आज उधव्याच्या शाळेत आरोग्य तपासणी होती. समोरच्या कागदावर नाव होतं सुषमा. अंगावर तुकतुकी, वजन झकास.

"अगं, तू सोमी ना?"

मुलीच्या मागं उभी असलेली तिची आई, बायजी, झटक्यात पुढं आली आणि तिनं डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर चक्क हात ठेवला.

"ते नाव नको, बाय. ताप पोरीची पाठ सोडीना, म्हणून नाव बदललं. आमच्या पाड्यावर जुनं नाव कोणी काढत नाही. तापाला वाटतंय, सोमी मेली."

घ्या. ताप फसला आणि त्याच्याबरोबर डॉक्टरही. जयश्रींना आधी हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्हींचा मेळ बसेना. त्यांनी पोरीला पोटाशी धरलं. बारापैकी बारा. पाच वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"बायजी, आता मला हे छापावं लागणार. पोरगी जिवंत आहे म्हणून."

बायजीचा चेहरा उतरला. "त्यात नाव घालाल?"

"नाव नसतंच गं. नुसता नंबर. बारा."

बायजीनं लेकीकडं पाहिलं. थोडा विचार केला.

"मग नंबरपण बदला, बाय. ताप वाचत असला तर?"