वाटेवरची भिंत

ओळंबा स्थिर व्हायची वाट बघत तेजस्वी उकिडवी बसली होती. तेवढ्यात गोदूआत्या मागून आली आणि तिच्या पायाशी थुंकली.

"बांध बाय, बांध. आपल्याच मानसांची वाट आडव."

तेजस्वीनं मागं वळून पाहिलं नाही. वीट ठेवली आणि थापीच्या मुठीनं ठोकून बसवली.

ही वाट बौद्धवस्तीतून थेट समुद्रावर जायची. बाया हिच्यावरूनच खडकांवरची कालवं फोडायला जात. चौदा एप्रिलची मिरवणूकही दर वर्षी हिच्यावरूनच किनाऱ्यापर्यंत वाजतगाजत जायची. मग वाटेच्या समुद्राकडच्या तोंडावर परेश शेठचं रिसॉर्ट उभं राहिलं. पाहुण्यांना कालवांचा वास नको झाला आणि निळे झेंडे तर त्याहून नकोसे झाले. शेठनं वाटेवर भिंत घालायची ठरवली. वस्तीनं अर्ज केले, खेटे घातले. गावचा सरपंच गप्प, वरचे साहेबही गप्प. पगार घेऊन गप्प बसणं हीच त्यांची नोकरी.

भिंतीसाठी शेठनं मुद्दाम तेजस्वीला धरलं. माणगावच्या कम्युनिटी कॉलेजातून बांधकाम शिकून आलेली ती वस्तीतली पहिलीच पोरगी. "यांचीच पोरगी बांधतेय म्हटल्यावर दगड कोण मारणार?" असं शेठ सरपंचाला म्हणाला. तिच्यासमोर, हसत हसत.

ती हो म्हणाली.

त्या दिवसापासून वस्तीत तिच्याशी कोणी बोलेना. आई ताट वाढायची, पण तोंड फिरवून. चुलतभाऊ विवेक येता-जाता "कंत्राटदारीणबाई" म्हणून टोमणे मारायचा. पोरीला एकदाची उभी भिंत दाखवायची हौस आहे, असं सगळे म्हणायचे. तेही काही उगाच नव्हतं. कॉलेजात तिनं भिंती ढिगानं बांधल्या, पण एकही दुसरा दिवस बघायला उरली नाही. विटा पुन्हा वापरता याव्यात म्हणून सरावाची भिंत सिमेंटऐवजी मातीत रचायची. संध्याकाळी सुटायच्या आधी माथ्यावर पाणी सोडून माती ढिली करायची. मग शिवदास सर ओरडायचे, "लावा खांदा!" की दिवसभराची मेहनत भुईसपाट. सकाळी परत पहिल्या थरापासून सुरुवात.

आणि आता ही भिंत, पुरुषभर उंच, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

वस्तीतलं कोणी हाताखाली येणार नव्हतं, म्हणून कॉलेजातली मैत्रीण केसर माणगावहून एसटीनं यायची. दोघी सकाळी सकाळी ताडपत्रीमागं माल कालवत आणि शेठ उठेपर्यंत थर चढवून टाकत. तो चहाचा कप घेऊन येई तेव्हा दरजा भरायचं काम चाललेलं असे. विटांमधल्या फटी बाहेरून सिमेंटनं भरून अशा रेखीव घोटलेल्या, की शेठ त्यावर बोट फिरवून बघे.

"वरून प्लास्टर नको?"

"विटा उघड्याच झ्याक दिसतात शेठ. तुमचे मुंबईचे पाहुणे पाठ टेकून फोटो काढतील."

"आणि सिमेंटच्या गोण्या एवढ्या उरल्या कशा?"

"नीट वापरलं की उरतं. सगळ्या तुमच्याच हायत. नव्या स्विमिंग पूलला घाला."

शेठची कळी खुलली. असा गवंडी त्याला जन्मात भेटला नव्हता. त्यानं गोण्या लगेच उचलून नेल्या.

"पण पाणी मारत नाहीस तू," एके दिवशी तो म्हणाला. "बंगल्याच्या वेळी गवंडी रोज पाणी मारायचे."

केसरला एकदम ठसका लागला.

"मारनार ना," तेजस्वी म्हणाली. "येळ झाली की."

जयंती जवळ आली. तेजस्वीनं विवेकला नाक्यावर गाठलं.

"मिरवणूक कुठनं नेनार?"

"तुझ्या डोक्यावरनं."

"न्हेमीच्या वाटेनं ने."

"का? तुझ्या भितीवर डोकी आपटाया?"

"तू ने तर खरं."

"नेनारच हाय! भितीसमोर ठाण मांडून बसू. तुझं नाव घेऊन घोषणा दिऊ."

"दे," ती म्हणाली आणि निघून गेली.

चौदा एप्रिलला तेजस्वी उजाडल्यापासून भिंतीशी होती. गवंडीकामाच्या लाकडी घोड्यावर उभी राहून, रिसॉर्टच्या बागेतला पाइप ओढून, भिंतीच्या माथ्यावर पाणी सोडत होती. पलीकडच्या लॉनवर केसर खुर्च्या दूर सरकवत होती. "भिंत ओली आहे, जवळ नका येऊ हां," असं एकेका पाहुण्याला गोड बोलून सांगत होती.

शेठ गॅलरीत आला. "आत्ता आठवलं का पाणी मारायचं?"

"व्हय शेठ. आज भरपूर मारते."

"मार, मार. चांगली मजबूत होऊ दे."

तिनं मारलं. रिसॉर्टची टाकी खाली होत आली तरी मारत राहिली.

बेंजोचा आवाज आला. मग झेंडे दिसले. अख्खी वस्ती, पोराबाळांसकट. सगळ्यांच्या पुढं पांढऱ्या लुगड्यातली गोदूआत्या. मिरवणूक भिंतीपाशी येऊन थांबली आणि बेंजो बंद पडला. वर गॅलरीत शेठ मोबाइल काढून शूटिंग करू लागला.

तेजस्वी घोड्यावरून उतरली. पाइप फेकून दिला.

"केसर, तिकडं कोण हाय का?"

"चिटपाखरू नाही!" पलीकडून आवाज आला.

"आत्या, भितीला हात लावून बघ."

"तुझ्या भितीला हात लावते माझी चप्पल!"

"लाव गं. एकदा."

गोदूआत्यानं रागारागानं तळवा भिंतीवर आपटला. दरजेचा एक लांबडा तुकडा सुटून तिच्या पायाशी पडला. तिनं हात उलटून पाहिला. हाताला लाल माती लागली होती.

"लावा खांदा!" तेजस्वी ओरडली.