पोस्टकार्ड

धरणात बुडालेल्या बोरगव्हाणचं नाव तरी राहावं, म्हणून अठ्ठ्याण्णव साली बाबाराव आदिलाबादच्या इंटरनेटच्या दुकानात वेबसाइट करायला गेले.

दुकानदार म्हणाला, "काका, डोमेन म्हंजे गावाच्या नावाची पाटी, अन् होस्टिंग म्हंजे गाव वसवाची जागा. दोनी दरसाल नव्यानं घ्या लागते. नाही घेतलं तं पाटीबी जाते, जागाबी जाते."

"मंग मले ध्यानात कसं राहीन?"

"मी महिनाभर आधी पोस्टकार्ड टाकीन ना. पत्ता लिहून द्या."

आयुष्यभर लिहीत आले तोच पत्ता बाबारावांनी वळणदार अक्षरात लिहून दिला.

पुढच्या वर्षी दुकानदारानं टाकलेलं पोस्टकार्ड त्याच्याकडेच परत आलं. त्यावर पोस्टमननं लाल शाईनं लिहिलं होतं : या नावाचं गाव नाही.