एनॉस पिटच्या दारात स्किमिंग्टन

"साय काढायचा झारा माझाच घ्या," थर्झा म्हणाली. "चांगला लांब दांड्याचा आहे."

तिच्या नवऱ्याने, ओबेदने, तिचाच परकर कमरेला बांधला, छातीत गवताचे बोळे कोंबले आणि बायकी टोपीची नाडी दाढीखाली आवळली. बाया हसून हसून बेजार झाल्या. जेम शिंपी गाढवावर आधीच उलटा बसला होता, तोंड शेपटीकडे करून. तो झाला होता एनॉस पिट आणि ओबेद त्याची बायको डॉर्कस. नवऱ्याला मारणाऱ्या बाईची इंग्लंडातल्या विल्टशरमध्ये अशीच धिंड, म्हणजे स्किमिंग्टन, काढत. सोंगातल्या बायकोने सोंगातल्या नवऱ्याला झाऱ्याने बडवायचं, गावाने भांडी बडवायची आणि खऱ्या जोडप्याच्या दारात जाऊन थांबायचं.

हे सगळं जुळवून आणलं होतं थर्झाने. टोपल्या विणणारा एनॉस महिन्याभरात तीनदा तिच्या दूधघरात येऊन बसला होता. पहिल्यांदा गालावर ओरखडे होते. मग डोळा काळानिळा. तिसऱ्यांदा तर मनगटावर चक्क दात उमटलेले.

"मांजर चावली का रे?" थर्झाने विचारलं होतं.

"मांजर असती तर बरं झालं असतं, मावशी." एवढं बोलून त्याने मान खाली घातली.

थर्झाने त्याच्यापुढे दुधाचा पेला सरकवला. इतका गरीब माणूस! चर्चमध्येसुद्धा कोपरा धरून बसणारा.

"डॉर्कसला चांगली अद्दल घडवू," ती म्हणाली. "पण तुझंही हसं होईल हं."

"होऊ दे. फक्त शनिवारी करा. गावचा शिपाई बाजाराला गेलेला असतो, अडवायला कोणी नसेल. आणि कसर ठेवू नका, मावशी. हळू वाजवलंत तर तिला काहीच वाटायचं नाही."

त्यानंतर डॉर्कस एकदा विहिरीवर भेटली. थर्झाने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय गं, आज डावा डोळा की उजवा?"

डॉर्कसने तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात वळणावर एनॉस दिसला आणि ती अर्धी बादली तशीच उचलून निघून गेली.

"बघितलंत? नवरा दिसला तशी वाचा बसली," थर्झा म्हणाली. "मन खातंय तिचं तिला."

शनिवारी दुपारी जेवणं उरकून चाळीसएक माणसं निघाली. कढया, पत्रे, गाईंच्या घंटा, मेंढ्याची शिंगं, जे हाताला लागेल ते. ओबेद झाऱ्याने जेमला बडवत होता.

"अरे हळू! खरंच लागतंय!" जेम ओरडायचा.

"नवरा झालास ना? मग सोस!"

थर्झा सगळ्यांच्या पुढे होती. डाव्या हातात तांब्याची कढई, उजव्यात लाटणं.

एनॉसच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. दारही बंद. मिरवणूक अंगणात थांबली आणि एकच कल्लोळ उठला. तेवढ्यात खिडकीची झडप आतून धाडकन हादरली. एकदा, मग पुन्हा.

"आदळआपट चाललीय बाईची!" कोणीतरी ओरडलं. लोक खिदळले.

जेम गाढवावरून उतरला. त्याचा चेहरा जरा उतरला होता. "मावशी, एनॉस आतच आहे ना? ती मारत असेल त्याला. दार फोडू या का?"

"नको! आज वाजवूनच तिची मस्ती उतरवायची. थांबलो तर ती जिंकली. वाजवा रे!"

लोकांनी वाजवलं. थर्झाच्या दंडाला कळ लागली, कानात गुणगुण सुरू झाली, तरी ती थांबली नाही. झडप मग हादरली नाही. थर्झाने मागे वळून सगळ्यांना हाताने खूण केली, अजून जोरात!

बऱ्याच वेळाने दार उघडलं. एनॉस बाहेर आला. गालावर ताजे ओरखडे, सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवलेली. त्याने हात वर केला, तसा आवाज थांबला. लोकांनी जयजयकार केला. कोणीतरी त्याच्या हातात सफरचंदाच्या दारूचा पेला दिला. तो त्याने एका दमात संपवला.

"पोरा, सुटलास!" थर्झाचे डोळे भरून आले. "कुठंय ती? माझ्यासमोर उभी कर. मी बोलते तिच्याशी."

ती पायरी चढली. एनॉस बाजूला झाला नाही. त्याच्या खांद्यावरून तिने आत बघितलं.

डॉर्कस खिडकीखाली पडली होती. डोळे उघडे. एक हात वर, झडपेच्या कडीत अडकलेला. गळ्याभोवती टोपल्या बांधायची दोरी.

थर्झाच्या हातातून कढई निसटली. अंगणात लोक अजून हसत होते. एनॉस खाली वाकला, कढई उचलून त्याने तिच्या हातात दिली, आणि अगदी हळू, काळजीने विचारलं,

"मावशी, बाहेर काही ऐकू आलं का हो?"