माद्यांचा रकाना

मासळी खात्याच्या साहेबांनी वही मिटली आणि भिला भोईला सांगितलं, की आता तापीत तीन वर्षं जाळं टाकता येणार नाही.

भिला प्रकाशा गावाच्या घाटावर उकिडवा बसला होता. भोयांची चाळीस घरं, आणि त्यांचा मुखी तो. त्याला आधी वाटलं, साहेब गंमत करतायत. पण साहेबांच्या स्वभावात गंमत नव्हतीच. पाच आठवडे रोज सकाळी येऊन टोपलीतला एकेक मासा तोलणारा, मोजणारा हा मुंबईचा माणूस. गावानं त्याला केव्हाच वेड्यात काढलं होतं. भिलाला मात्र तो आवडायचा.

"वादळानं घात केला," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "जेठात सुरतेकडे समुद्र खाडीत घुसला. तिवरं उपटली, तोंडाशी वाळू साचली. पाला मासा त्याच वाटेनं नदीत चढतो, अंडी घालायला. नर चढलेत थोडे. अंड्यांची मादी मात्र एकही नाही. हा रकाना बघ, पहिल्या दिवसापासून शून्य. उरलेत ते तरी जगू देत, म्हणून बंदी."

भिलाला वाचता येत नव्हतं, पण शून्यं ओळखू येत होती.

"मादी? ती ते रोज येस, साहेब."

"काय?"

"काल दोन व्हत्यात. परवा तीन. सोडी दिन्यात."

साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, धरशील ते सगळं दाखव. भिलानं एक शेपूटही लपवली नव्हती. पण जे सोडलं ते धरलंच नाही, असा भोयांचा सरळ हिशेब. तो कुणाला समजावून सांगायची वेळ आजवर आली नव्हती.

"सोडता? कशासाठी?"

भिलाला हा प्रश्नच विचित्र वाटला. "आंडेर, पोटनी लेक, बायतपनले माहेर उनी, ते तिले कोनी जाळाम्हा धरस का?"

साहेब ताडकन उठले. "एक आण. माझ्यासमोर. पोट फाडून अंडी दिसली की मी लिहीन. नुसत्या तुझ्या शब्दावर सरकार हलायचं नाही."

भिला हलेना. मागे फाटकं जाळं सांधत बसलेली त्याची बायको कौसाबाई हळूच म्हणाली, "एक दी टाका. चाळीस घर शेतस. नदीमाय समजी लेई."

दुसऱ्याच खेपेला जाळं जड लागलं. त्यानं मादी दोन्ही हातांत घेतली. तिचं पोट तट्ट होतं. हात सवयीनं तिचं तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवायला गेले, ते त्यानं आवरले. काठाला येईपर्यंत त्याला स्वतःची शरम वाटत होती.

साहेबांनी फळीवर सुरी चालवली. अंडी भसाभस बाहेर आली, आणि एवढा मोठा माणूस पोरासारखा हरखला. "खरं बोललास रे! लाखाच्या घरात आहेत ही." त्यांनी रकान्यात एक आकडा लिहिला. भिलाच्या जिवात जीव आला.

"मंग जाळं चालू ना, साहेब?"

"एकीनं कसं चालेल? वाट चुकून आली असेल, म्हणतील. निदान वीस लागतील." साहेब सुरी पुसत होते, मनापासून हसत होते. "रोज चार धरल्या तर पाच दिवसांत तुझं काम झालं. मग तुमच्या नदीला कोण हात लावतो बघू."

भिलानं कौसाबाईकडं पाहिलं. एक द्या म्हणणारी तीच. ती उठली, फळीवरचा फाडलेला मासा तिनं अंड्यांसकट पदरात घेतला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन नदीला परत दिला. मागं वळून काही तिनं पाहिलं नाही.

शहाद्याकडं कापूस वेचायला जायचं, तरी दिवाळीपर्यंत कुणी बोलावणार नव्हतं. मधले महिने चाळीस घरांनी काय खायचं, हे भिलाला सुचत नव्हतं. त्यानं ओलं जाळं पिळलं, घडी घातली आणि पायरीवर ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, "तो एक आकडा खोडी टाका. यंदा माहेर कोनी उनं नहीं."