आश्विनातला वास

“यल्लाप्पा, चल ऊठ. हिकडं कायतरी मेलंय, लय घाण मारतंय. वडून टाक.”

भाऊसो फटफटीवरून उतरलाही नाही. नाकाला रुमाल लावून कुंपणाबाहेरूनच बोलला. त्याचं वय पस्तीस, समोरचा माणूस बासष्टचा. पण पाटलाच्या पोराला असल्या हिशेबाची सवय नव्हती.

यल्लाप्पा अंगणात दोन फुटक्या तेलाच्या डब्यांपुढं उकिडवा बसला होता. मिरजेच्या एका इस्पितळात तीस वर्षं माळीकाम करून तो गावी परतला, तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि एका रानफुलाचे पाच कांदे. खाणीच्या सुरुंगानं तिकडच्या एका डोंगराची बाजू उडणार होती, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं ते उकरून आणलेले. सुरणाच्या भावकीतले, पण फुलायचे आश्विनात. पान नाही, फांदी नाही, मातीतून थेट काळपट जांभळं फूल. डोंगरावर आता त्या जातीचं काहीच उरलं नव्हतं. पाचातले तीन कुजले. राहिलेले दोन या डब्यांत लावले, पण ते कधी एका वेळी फुलले नाहीत, म्हणून बी धरलं नाही.

यंदा, पंच्याण्णव साली, पहिल्यांदा जमलं. एक काल उमललं, दुसरं आज. कालच्याचा पराग आजच्याला लागायचा तर माश्या हव्यात, आणि माश्या यायच्या तर हा वास हवा. वास मेलेल्या जनावराचा. त्याला कोण काय करणार?

“छप्पन सालापासनं आमी मेलेलं वडत न्हाई,” यल्लाप्पा म्हणाला.

“मग बस घाणीत,” म्हणून भाऊसोनं फटफटीला किक मारली.

त्याची बायको पारूबाई दारात आली. “आवं, फुलाचा वास हाय म्हणून सांगायचं की त्याला.”

“सांगितलं की उपटून टाकतील. अन् मी का म्हणून सांगू?” नवरा गुरगुरला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला हसू येत होतं, ते त्यानं दाबलं.

भाऊसोनं दुपारभर ओढा पालथा घातला. शेवटी बाभळीखाली एक मेलेलं कुत्रं सापडलं, वाळून पापड झालेलं. बरोबरचे गडी हात लावेनात. मग सगळ्या गावादेखत पाटलाच्या पोरानं स्वतः दोरी बांधून ते शिवेबाहेर ओढत नेलं. घरी जाऊन अंघोळ केली. वास होता तसाच.

दिवस कलताना तो पुन्हा आला, या वेळी वासाचा माग काढत, पायी. हातात विळा होता. डब्यांपाशी येऊन थबकला. फुलात माश्यांची ये-जा चालली होती.

“हे? ह्या फुलाची घाण?”

विळा वर गेला. यल्लाप्पा उठून मध्ये उभा राहिला. गुडघे वाजले, पण माणूस हलला नाही.

“उद्या सांजपतुर हे असंच घाण मारणार. हात लावायचा न्हाई.”

विळा हळूहळू खाली आला. भाऊसोचा चेहरा लालबुंद झाला होता. “मग सकाळी सांगाया काय झालतं? मला कुत्रं वडाया लावलंस!”

“सकाळी वास कशाचा म्हणून इचारलं कुठं तुमी? घाण आली, अन् तुमाला थेट आमीच आठवलो.”